रोमच्या घरातली आठवण

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मधल्या सुट्टीची घंटा होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. उज्ज्वलाबाई तुपसौंदर वर्गाला कडी घालून व्हरांड्यात आल्या आणि खांबापाशीच थबकल्या.

समोर लिंबाच्या सावलीत त्यांची चौथीची पोरं जेवायला बसली होती. एरवी ती वेटोळं करून, एकमेकांच्या डब्यात हात घालत, कलकलाट करत जेवायची. आज ती दोन रांगांत, डाव्या कोपरावर रेलून, पाय पसरून पडली होती. कलकलाट नव्हता. आणि त्या दोन रांगांच्या मधून रेवा राठोड शाळेचा स्टीलचा जग घेऊन फिरत होती.

रेवा चार दिवसांपूर्वीच गावात परतली होती. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. तोडणीची यंत्रं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण चढाच्या आणि चिखलाच्या रानात ती रुतून बसायची; तिथं अजून माणसंच लागायची. माणसांबरोबर त्यांची लेकरंही जायची. सहा महिने शाळा बुडवून रेवा आली, ती मुकाट्यानं शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती.

अन्वी गुंडनं पेला धरलेला हात बाजूला केला. मान वळवली नाही, चाललेलं बोलणं थांबवलं नाही. रेवानं पेला भरला. मग हर्षदचा हात आला, मग समीनाचा. सगळे हात एकाच उंचीवर, एकाच ढबीत, आणि रेवाकडे एकाही पोराची नजर नाही. दांडगाई नव्हती, चिडवाचिडवी नव्हती. ती असती तर काय करायचं हे बाईंना बावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. हे काहीतरी निराळंच होतं. भिंतीतल्या नळाकडे बघावं तसं ती पोरं रेवाकडे बघतसुद्धा नव्हती.

बाई धावत गेल्या. रेवाच्या हातातून जग हिसकावून त्यांनी तो असा आपटला की पाण्यानं सगळ्यांचे डबे भिजले.

"उठा! सगळे उठून उभे राहा! कुणी सांगितलं हिला पाणी वाढायला?"

पोरं दचकून उठली. अन्वीच्या चेहऱ्यावर भीती होती, पण अपराध नव्हता. "कुणी नाही सांगितलं बाई. पाणी तर तीच देते ना."

"कधीपासून?"

"नेहमीच."

"रेवा सोमवारी आली गावात. नेहमीच कुठून गं?"

अन्वी गोंधळली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, आणि खरं काय ते आठवून सांगावं तसं म्हणाली, "घरी. म्हणजे इथलं नाही. ते घर. कारंज्याच्या चौकातलं."

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या.

"मला काही त्रास नाही बाई," रेवा हसून हळूच म्हणाली. "पाणीच तर द्यायचंय."

उज्ज्वलाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली ती या वाक्यानं.

*

सहा वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला आणि चौथीला प्राचीन संस्कृती आल्या. इजिप्त, चीन, ग्रीस आणि रोम. बोरखेडीच्या शाळेत रोमचा धडा बाईंच्या सगळ्यात आवडीचा. त्या दर वर्षी पोरांना टेम्पोत घालून बारा किलोमीटरवरच्या तेरला न्यायच्या, संग्रहालयातली खापरं, नाणी, मातीच्या बाहुल्या दाखवायच्या. "दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला तगर म्हणायचे. इथलं कापड बैलगाड्यांतून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं रोमकडे," असं सांगितलं की पोरांचे डोळे विस्फारायचे. मग शाळेच्या पटांगणात बाजार भरायचा. निम्मी पोरं तगरचे विणकर, निम्मी रोमचे व्यापारी. घासाघीस, भांडणं, धुरळा. परीक्षेत मात्र पोरं सगळं विसरून जायची. एकानं तर 'रोमचा राजा रमेश' असं लिहून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात 'अनुभूती' नावाच्या कंपनीच्या, डोक्याला बांधायच्या स्मरणपट्ट्या शाळेत आल्या आणि विसरणंच बंद झालं.

पट्टीमागचं शास्त्र बाईंना प्रशिक्षणात समजावून दिलं होतं. आपण वाचलेलं विसरतो, पण लहानपणी झाडावरून पडलेलं विसरत नाही. कारण मेंदूत कानाच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. दिवसभरात जे घडतं त्यातल्या काही गोष्टींवर तो 'हे माझ्या बाबतीत घडलं' असा जणू शिक्का मारतो. झोपेत मेंदू शिक्का मारलेल्या गोष्टी पुन्हापुन्हा घोळवतो आणि कायमच्या जपून ठेवतो. पट्टी एवढंच करायची: डोळ्यांसमोर आणि कानांत धडा उभा करायचा, मेंदूतल्या लहरींचा ठेका ओळखायचा, आणि नेमक्या क्षणी चुंबकीय स्पंदनाचा बारीकसा ठोका देऊन तो शिक्का उमटवायचा. चाळीस मिनिटांचा पाठ, मग एक रात्रीची झोप. सकाळी मुलाला रोम पाठ झालेलं नसायचं. मूल रोममध्ये राहून आलेलं असायचं.

पाठाचं नाव होतं 'रोममधला एक दिवस'. प्रत्येक मूल त्यात एका श्रीमंत घरचं दहा वर्षांचं लेकरू व्हायचं. संगमरवरी चौक, कारंजं, भिंतींवर रंगवलेले मोर, वडिलांबरोबर बाजारात फेरी, हमामखाना, आणि संध्याकाळी कोचावर रेलून जेवण. शेजारी एक बाई उभी. ती पाणी ओतते, पंख्यानं वारा घालते, हसते. दासी. धड्यातला एक परिच्छेद तिच्यावर होता आणि परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न होता. सगळ्या पोरांना त्यात पैकीच्या पैकी मिळाले. तालुक्यात शाळा पहिली आली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सत्यवान गुंड, म्हणजे अन्वीचे वडील, यांनी पेढे वाटले.

पेढा बाईंनीही खाल्ला होता. आणि नियमाप्रमाणे, मुलांच्या आधी, पट्टीही घातली होती.

*

त्या दिवशी घरी गेल्यावर बाईंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि ओट्यावर टेकून फोन उघडला. 'अनुभूती'च्या तक्रारीच्या पानावर त्या भराभरा लिहीत होत्या. आई, सोजरबाई, आतून चहा घेऊन आली. बाईंनी हात बाजूला केला. कप हातात आला. दोन घोट घेतले, आणि मग आई अजून तिथंच उभी आहे हे त्यांना जाणवलं.

"काय गं?"

"काय न्हाई," सोजरबाई म्हणाली. "तुजा हात थोरल्या घरच्या बाईवानी आला. म्हनून बगत हुते."

"म्हणजे कसा?"

"आसाच. न बगता. तिला ठाव आसायचं, हाताखाली प्याला येनारच. आननारं मानूस हाय का सावली, कुनाला पडलीय." सोजरबाईनं त्या मालकांच्या घरी तीस वर्षं झाडलोट केली होती, गोठा काढला होता. तिचा स्वतःचा चहाचा कप त्या घरात मागच्या वळचणीला वेगळा खोवलेला असायचा. "तूबी चार मैन्यांपासनं करतीस. म्या म्हनलं, कामानं दमती लेक."

उज्ज्वलाबाईंनी हातातल्या कपाकडे बघितलं. त्यांनी तो खाली ठेवला. डोळे मिटले आणि ते घर आठवून बघितलं. लगेच आलं. कारंज्याचा आवाज, ओल्या दगडाचा गारवा, दुपारची झोप. मानेवर पंख्याची झुळूक. इतकं सुखाचं, इतकं हक्काचं बालपण त्यांना कधी मिळालंच नव्हतं. त्यांच्या खऱ्या बालपणी थोरल्या घरच्या गोठ्याबाहेर दगडावर बसून त्या आईची वाट बघायच्या. आणि आता मेंदूला विचारलं तर तो आधी कारंजं दाखवत होता.

ज्या घराच्या पायरीवर आईनं आयुष्य काढलं, तसल्याच एका घराची मालकीण त्यांच्या डोक्यात आणून बसवली होती. न विचारता. वर प्रमाणपत्र देऊन.

"मी त्यांना सोडणार नाही," त्या म्हणाल्या.

"कुनाला?" सोजरबाईनं विचारलं. बाईंनी फोन उचलला आणि तक्रार पुरी करायला घेतली.

*

आठवड्याभरात कंपनीनं माणूस पाठवलं. डॉ. शेफाली मुळगुंद, पस्तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, मऊ बोलणाऱ्या. 'रोममधला एक दिवस' त्यांच्याच चमूनं रचला होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. सत्यवान गुंडही आले.

बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं. चहाचा कप सोडून.

"हे होऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी सगळ्या मुलांच्या आठवणीत ते घर आहे आणि एकट्या रेवाच्या नाही. त्यामुळं ती मुलांना बाहेरची वाटते. उपाय सोपा आहे. रेवालाही पाठ देऊ. मग तीही त्या घरची मुलगी होईल."

"मग पाणी कोण ओतणार?"

"म्हणजे?"

"रेवा मालकीण झाली की पोरं दुसरं कुणीतरी शोधतील. गावात कमी आहेत का?" बाईंचा आवाज चढला. "अहो, एकवीस पोरांना तुम्ही एकवीस मालक केलंत. एकालाही दुसऱ्या बाजूला का नाही ठेवलं?"

"कायदा आहे बाई. मुलांच्या पाठात भीती, वेदना, अपमान यांतलं काही चालत नाही. दुःखाचा शिक्का फार खोल बसतो, पुसता येत नाही. गुलामाचा दिवस जगलेलं मूल आयुष्यभर ती जखम घेऊन फिरेल. म्हणून प्रत्येक पाठात आम्ही सुखातलं मूल निवडतो."

"आणि सुख कुणाच्या जिवावर, ते?"

"तिला आम्ही हसरी दाखवली आहे. मुलांना त्रास होऊ नये म्हणून."

उज्ज्वलाबाई खुर्चीतून उठल्या. "हसरी! जिला बाजारात दात मोजून विकत घेतली, जिचं लेकरू जन्मतः मालकाचं, तिला तुम्ही हसायला लावलंत! दया दाखवलीत पोरांना, आणि त्या दयेपोटी तिचं सगळं गिळून टाकलंत! मग एक करा ना. सगळ्यांना तिचाच दिवस द्या. मला काढून द्या तसला पाठ, मी स्वतः पट्ट्या बांधते!"

खिडकीतून पटांगणावर पळणारी पहिलीची पोरं दिसत होती.

"तुम्ही बांधाल?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. "त्या मुलांच्या डोक्याला?"

बाईंनी पोरांकडे बघितलं. क्षणभर त्यांना खरंच वाटून गेलं, हो, बांधीन. आणि वाटलं याचाच त्यांना इतका राग आला की त्या परत खुर्चीत बसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

गुंडांनी घसा खाकरला. "मॅडम, मी साधा माणूस. पण गावाला पहिल्यांदा नाव मिळालंय. एका पोरीनं चार पेले पाणी वाढलं, त्याचा एवढा बाऊ करायचा? आमच्या अन्वीला शिष्यवृत्ती लागायचीय."

बैठक तिथंच संपली. रेवाच्या पाठासाठी तिच्या आईबापांचा अंगठा घ्यायचा असं ठरलं. डॉक्टर गाडीकडे निघाल्या तेव्हा बाई त्यांच्यामागे गेल्या.

"एक विचारू? पुस्तिकेत लिहिलंय, पाठाची उजळणी फक्त पट्टीवरच करा, वर्गात तोंडी चर्चा टाळा. का?"

डॉक्टर थांबल्या. खोटं बोलता येत नाही अशी काही माणसं असतात, त्यांतल्या त्या होत्या. "कारण आठवण दगडावर कोरलेली नसते. ती कच्च्या मडक्यासारखी असते. बाहेर काढली की पुन्हा ओली होते, पाचसहा तास ओलीच राहते, आणि मग परत वाळते. त्या वेळात जे कानांवर पडेल ते तिच्यात मिसळतं. त्याला यंत्र लागत नाही. साधं बोलणं पुरतं. म्हणून आम्ही ते टाळायला सांगतो. आठवण बिघडते."

"बिघडते," बाई म्हणाल्या. "की कुणाच्या तरी ताब्यातून सुटते?"

डॉक्टरांनी गाडीचं दार उघडलं आणि त्या आत बसल्या.

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बाईंनी वर्गाचं दार लावून घेतलं.

"डोळे मिटा. रोमच्या घरात जा. कारंज्याच्या चौकात, जेवणाच्या वेळी. पोचलात की हात वर करा."

एकवीस हात वर झाले. चेहरे सैल पडले, ओठांवर हसू आलं. बाईंच्याही मानेवर झुळूक यायला लागली होती. त्यांनी नखं तळव्यात रुतवली.

"आता तुमच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. नुसतं बघा. रेवा, तू या घरात गेलेली नाहीस. तुला काय माहिती करून घ्यायचंय ते या सगळ्यांना विचार."

रेवा शेवटच्या बाकापाशी उभी राहिली. मग म्हणाली, "ती पाणी कुठून आणते?"

"कारंज्यातनं," हर्षद म्हणाला. "नाही... माहीत नाही. ती येते तेव्हा भांडं भरलेलंच असतं."

"लांबून आणत असंल. भरलेली घागर जड असते," रेवा म्हणाली. "ती जेवली का?"

पोरांच्या मिटल्या डोळ्यांच्या पापण्या हलायला लागल्या. ती शोधत होती. ताटं आठवत होती, द्राक्षं, मासे, मधातली पोळी. तिचं ताट कुठंच नव्हतं.

"झोपते कुठं?"

"बाई, मला तिचं झोपायचं सापडत नाही," समीना रडवेल्या आवाजात म्हणाली. "सगळ्या खोल्या बघितल्या."

"आम्ही फडावर कोपीत, बारक्या खोपटात झोपतो," रेवा म्हणाली. तिचा आवाज आता मोठा झाला होता. "खाली उसाचं पाचट घालून. माझी आई पहाटे उठून तोडायला जाते, तेव्हा धाकट्याला मी सांभाळते. तिला लेकरू असंल तर त्याला कोण बघतं?"

"तिला लेकरूबिकरू नाहीये!" अन्वी ओरडली. तिनं डोळे उघडले होते. "तू का विचारतेस असलं? ती हसत होती! तिला आवडायचं!"

"मीपण हसत होते," रेवा म्हणाली. "त्या दिवशी, लिंबाखाली."

अन्वीनं दप्तर उचललं आणि रागानं जमिनीवर फेकलं. कुणावर रागावली होती तिचं तिलाच कळत नव्हतं. दोन पोरं हमसून रडायला लागली. हर्षद म्हणाला, "बाई, हे आधी का नाही सांगितलं?"

"कारण मीही बघितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मीही तुमच्यासारखीच पेला धरून बसले होते."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. लढायांत पकडलेली माणसं कशी साखळीत आणायचे. बाजारात त्यांच्या गळ्यात पाटी कशी असायची. गुलामाला कायद्यानं लग्न नाही, लेकरावर हक्क नाही. रस्ते कुणी बांधले, खाणी कुणी खणल्या. चौथीच्या पोरांना झेपेल अशा शब्दांत, पण एकही गोष्ट गोड न करता. एका मुलीनं विचारलं, "आपण तिला एक नाव देऊ या?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिचं नाव होतं. आपल्याला ते कुणी सांगितलं नाही. हेच लक्षात ठेवायचं."

दुपारपर्यंत वर्ग चालला. ओल्या मडक्यावर त्यांनी सगळा जोर लावला. त्यांना माहीत होतं की आपण कायद्याबाहेर पाऊल टाकलंय. ज्या दुःखापासून पोरांना वाचवायला नियम केला होता, ते दुःख त्या आपल्या हातानं वाढत होत्या. पण पोरं ते जगत नव्हती, ऐकत होती. आणि ऐकताना एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

*

आठ दिवसांनी कंपनीची नियमित स्मरणचाचणी झाली आणि भांडं फुटलं. बोरखेडीच्या चौथीची आठवण मूळ पाठापासून बहकली होती. पोरं कारंज्याचा रंग सांगायला चुकत होती. मोर किती हे कुणालाच आठवत नव्हतं. तालुक्यातली पहिली शाळा एकोणिसावी झाली.

सत्यवान गुंड शाळेत आले ते चप्पल न काढता थेट वर्गात.

"काय केलंत तुम्ही पोरीचं? दोन दिवस नीट जेवली नाही. आमच्या घरी भांड्याला येणाऱ्या मावशीला विचारत बसते, तुमचं बाळ आत्ता कुठंय म्हणून. काल मला म्हणाली, पप्पा, तुमचं ताट तुम्ही उचला. मला! पाहुण्यांसमोर!"

"मग उचललंत का?"

"बाई, जिभेला आवरा!"

"नाही आवरत!" उज्ज्वलाबाई खडू खाली टाकून पुढं आल्या. "तुमच्या पोरीच्या डोक्यात परक्यांनी येऊन गुलाम ठेवली, तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. तिनं त्या बाईचं लेकरू कुठंय विचारलं, तर तुम्हाला नुकसान दिसलं? माझी तक्रार करायचीय ना, करा. लिहून मी देते, शुद्धलेखनासकट."

तक्रार झाली. चौकशी लागली. जिल्ह्याच्या गावी एका थंडगार खोलीत तीन अधिकारी बसले होते आणि टेबलावर एक छापील कागद होता: 'विद्यार्थ्यांच्या प्रमाणित आठवणींना माझ्या कृतीमुळे हानी पोचली, याबद्दल मी दिलगीर आहे.' सही केली तर ताकीद देऊन सोडणार होते.

उज्ज्वलाबाईंनी कागद दोनदा वाचला. पेन काढून 'दिलगीर आहे' खोडलं, वर 'दिलगीर नाही' लिहिलं, आणि सही केली.

त्याच खोलीत कोपऱ्यात डॉ. मुळगुंद साक्षीसाठी बसल्या होत्या. त्यांना विचारलं गेलं, मुलांचं कायमचं नुकसान झालंय का. त्या म्हणाल्या, "मुलांना मोर आठवत नाहीत. ती बाई मात्र आता सगळ्यांना स्पष्ट आठवते. आमच्या पाठात तिला एका हसण्यापलीकडे चेहराच दिलेला नव्हता. याला नुकसान म्हणायचं की नाही, हे मी सांगू शकणार नाही." ते इतिवृत्तात आलं की नाही, बाईंना कधीच कळलं नाही.

बदलीचा आदेश मेच्या अखेरीला आला. दुसरा तालुका, सत्तर किलोमीटर. बोरखेडीत 'रोममधला एक दिवस' पुन्हा दिला जाणार होता, पण ज्या पालकांनी सह्या करायला हव्या होत्या त्यांतल्या आठ जणांनी केल्या नाहीत. रेवाच्या बापानं अंगठा दिला नाही. गुंडांनी सही केली, आणि अन्वीनं पट्टी डोक्यावर ठेवूच दिली नाही. तिघांनी धरलं तरी नाही. पुढं तो पाठ सगळ्याच शाळांतून 'तांत्रिक कारणास्तव' मागं घेतला गेला. कुणी कुणाची माफी मागितली नाही.

*

जूनमध्ये नव्या तालुक्याचं प्रशिक्षण होतं. मोठ्या सभागृहात चाळीस शिक्षक, प्रत्येकाच्या समोर नवीकोरी पट्टी. पडद्यावर पाठाचं नाव झळकलं: 'प्राचीन इजिप्त: राजवाड्यातला एक दिवस'. प्रशिक्षक हसतमुख तरुण होता. "हा आमचा सगळ्यात सुंदर पाठ आहे. नाईलमध्ये नौकाविहार आहे, मांजरं आहेत. मुलं वेडी होतील. आधी आपण अनुभवू या."

उज्ज्वलाबाईंनी पट्टी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"मॅडम, घाला ना."

"नाही घालणार."

"पण शिक्षकानं घातल्याशिवाय वर्गाला पाठ देता येत नाही. तुमच्या मुलांना इजिप्त मिळणारच नाही."

"मिळेल. मी सांगेन त्यांना. ती नौका कोण वल्हवत होतं तेही सांगेन."

प्रशिक्षकाचं हसू मावळलं. तो फोन घेऊन बाहेर गेला. सभागृहात एकेकानं डोळे मिटले, एकेकाचा चेहरा सैल पडत गेला. बाईंचा जुना संताप पुन्हा वर आला. तो आता त्यांना ओळखीचा झाला होता आणि त्यांनी तो विझू दिला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या डोक्यातलं ते घर अजून पुरतं गेलेलं नव्हतं. बेसावध क्षणी कारंजं वाजायचंच, आणि दर वेळी त्यांना त्या बाईला नव्यानं शोधायला जावं लागायचं.

शेजारच्या खुर्चीवर एक नवखी शिक्षिका होती, तेवीस-चोवीसची. तिनं पट्टी कपाळापर्यंत आणली होती आणि तिथंच थांबली होती. ती बाईंकडे झुकून कुजबुजली, "ताई, दुखतं का हो ते?"

"दुखत नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "दुखलं असतं तर मी घातली असती."

त्या मुलीनं पट्टी खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. आजूबाजूला डोळे मिटलेल्या माणसांकडे तिनं एकदा बघितलं, मग खुर्ची बाईंकडे वळवली.

"सांगा," ती म्हणाली.